‘ऑब्व्हियस चाइल्ड’मध्ये अडथळा कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ऑब्व्हियस चाइल्ड’ पाहिला, आवडलाही, पण याला रोमँटिक कॉमेडी का म्हणायचं? नायिकेला नको असताना दिवस जातात, ती गर्भपात करायचं ठरवते आणि शेवटपर्यंत त्यावर ठाम राहते. नायक सज्जन आहे. घरच्यांचा विरोध नाही, प्रेमात तिसरं कुणी नाही, मोठा गैरसमजही होत नाही. मग 84 मिनिटं आपण पाहतो तरी काय? त्याला जोडून तुम्ही लिहिलंय की तुमच्या स्वतःच्या पटकथेबद्दल वाचणारे सगळे ‘यात अडथळाच नाही’ म्हणतात, आणि म्हणून तुम्ही हा सिनेमा पुन्हा पाहायला घेतलात.

मी संकलक आहे. बरीच वर्षं हलक्याफुलक्या सिनेमांचंच काम जास्त आलं, त्यामुळे कागदावर हसवणारा प्रसंग एडिट टेबलावर का मरतो, हे शोधण्यातच माझा बराचसा वेळ जातो. त्या सवयीतून सांगते: या सिनेमात अडथळा आहे, आणि चांगला भक्कम आहे. तो नेहमीच्या जागी ठेवलेला नाही, म्हणून पहिल्यांदा पाहताना हाताला लागत नाही. तो कुठे ठेवलाय हे सापडलं की तुमच्या पटकथेचं काय करायचं तेही बरंच सुटेल.

आधी दोन गोष्टी. गर्भपाताबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असतं आणि ते मत घेऊनच माणूस हा सिनेमा पाहतो. ज्यांना नायिका डॉनाचा निर्णय मुळातच पटत नाही, त्यांना पुढचं सगळं कोरडं वाटू शकतं, आणि त्यांचं पाहणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. दुसरं, इथली रचना उचलून दुसरीकडे जशीच्या तशी लावता येत नाही. ती या नायिकेच्या व्यवसायावर उभी आहे आणि ती भूमिका करणाऱ्या जेनी स्लेटवरही. स्लेट स्वतः स्टँड-अप करते. माइक कसा धरायचा, प्रेक्षक गप्प झाले की त्या शांततेत किती वेळ उभं राहायचं, हे तिला अंगानं ठाऊक आहे. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर तुमची वाट वेगळी असेल.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगून टाकते. डॉना स्टर्न ब्रुकलिनमध्ये राहते, दिवसा पुस्तकांच्या दुकानात काम करते आणि रात्री बारमध्ये उभी राहून स्वतःच्या आयुष्यावर, स्वतःच्या शरीरावर विनोद करते. एका रात्री कार्यक्रमानंतर तिथल्याच बाथरूममध्ये तिचा प्रियकर तिला सोडतो. दुकानही बंद होणार असतं. अशा पडत्या काळात तिला मॅक्स भेटतो, दोघं एक रात्र एकत्र घालवतात आणि काही आठवड्यांनी तिला कळतं की ती गरोदर आहे. क्लिनिकमध्ये तिला दोन तारखा मिळतात: एक तिच्या आईचा वाढदिवस, दुसरी व्हॅलेंटाइन डे. ती 14 फेब्रुवारी निवडते. मधल्या दिवसांत मॅक्स पुन्हा पुन्हा समोर येत राहतो.

दिग्दर्शिका गिलियन रोबेस्पिएर यांनी याच नावाचा लघुपट 2009 मध्ये केला होता, त्यातही स्लेटच होती. त्याला कारण होतं. 2007 या एकाच वर्षात ‘नॉक्ड अप’ आणि ‘जूनो’ हे दोन गाजलेले विनोदी सिनेमे आले. दोन्हींत नको असताना राहिलेला गर्भ आहे, आणि दोन्हींत मूल जन्माला येतं. त्या सिनेमांना मी कमी लेखत नाही, ‘जूनो’ची पटकथा तर अभ्यासावी अशी आहे. पण गर्भपाताचा विचार त्या गोष्टींमध्ये दारातून डोकावतो आणि बाहेर जातो. आपल्या आसपासच्या बायकांचं जे खरंखुरं होतं, ते या सिनेमांत येत नाही, ही अस्वस्थता घेऊन लघुपट झाला. मग पूर्ण लांबीचा सिनेमा, जानेवारी 2014 मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला खेळ, आणि ‘ए24’ या कंपनीनं केलेलं वितरण.

आता अडथळ्याकडे येते. रोमँटिक कॉमेडीचा साचा दोन माणसांना एकमेकांकडे ओढायचा आणि मध्ये काहीतरी आडवं घालायचं, असा आहे. काय आडवं घालायचं हे काळ ठरवतो. अमेरिकेत 1934 पासून पुढे तीसेक वर्षं हॉलिवूडवर निर्मिती संहितेचा, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या नियमांचा, कडक अंमल होता, ती जाऊन 1968 मध्ये वयोगटानुसार प्रमाणपत्रं आली. शय्यागृहात जाता येत नव्हतं, म्हणून लेखकांनी नायक-नायिकेला भांडायला लावलं. चुरचुरीत संवाद, वेशांतर, खोटं लग्न, वर्गाचा फरक हे सगळं त्या बंधनातून बहरलं आणि त्यातून अप्रतिम सिनेमे झाले. बंधन गेलं, पण सवय राहिली. आजही लेखक पहिल्याच बैठकीत ‘या दोघांच्या मध्ये काय येतं?’ असं विचारतो आणि बाहेरची एखादी वस्तू शोधायला लागतो: नोकरी, दुसरं शहर, जुनी प्रेयसी, लपवलेली ओळख. तिसऱ्या अंकात गैरसमज फुटतो, दोघं तुटतात, कुणीतरी पळत सुटतं.

गर्भारपणाच्या विनोदी सिनेमात तो अडथळा आयता मिळतो. ‘ठेवायचं की नाही?’ हा प्रश्न ताणला की दीड तास निघतो. रोबेस्पिएर यांनी नेमका तोच ताण सुरुवातीला काढून टाकला. डॉनाला कळतं, ती ठरवते, तारीख घेते. तिथे कुणी तिला समजावत नाही, ती रात्रभर तळमळत नाही. तुम्हाला ‘काही घडत नाही’ असं जे वाटलं ते इथे, कारण तुमच्या अंगवळणी पडलेला प्रश्न संपलेला असतो आणि नवा अजून नीट ऐकू आलेला नसतो.

नवा प्रश्न असा: ही मुलगी हे मॅक्सला सांगेल का, आणि कसं सांगेल?

ऐकायला हा प्रश्न लहान वाटतो. तो मोठा होतो तिच्या व्यवसायामुळे. डॉना स्टेजवर काहीही बोलू शकते. अंतर्वस्त्रांपासून अंथरुणापर्यंत तिला कशाचीच लाज नाही, अनोळखी माणसांच्या खोलीत तर नाहीच. पहिला प्रियकर तिला सोडतो त्यामागे दोघांचं खाजगी असं चारचौघांत मांडलं जाणं हेही एक कारण आहे. म्हणजे सगळं बोलून टाकण्याची किंमत तिनं एकदा मोजलेली आहे. आता तिच्याकडे एकच वाक्य आहे, एकाच माणसाला सांगायचं, आणि ते तोंडातून निघत नाही. इतकी सुंदर कोंडी बाहेरून आणलेल्या कुठल्याही अडथळ्यानं तयार झाली नसती. पात्राचं जे बळ, तेच या एका ठिकाणी लुळं पडतं.

तिचे स्टेजवरचे प्रसंग ओळीनं आठवून पाहा, मी काय म्हणते ते दिसेल. पहिल्यात ती सराईत आहे, लोक हसतात. दुसऱ्यात ती दारू पिऊन चढलेली आहे, ब्रेकअपची जखम ओली आहे, आणि ती तेच सगळं ओकत राहते. हशा येत नाही. संकलक म्हणून मला हा दुसरा प्रसंग फार मोलाचा वाटतो. विनोदी माणूस पडतो तेव्हा बहुतेक सिनेमे घाईनं त्याला सोडवतात, प्रेक्षकांतला एखादा मजेशीर चेहरा दाखवतात, संगीत टाकतात. इथे तिला पडू दिलंय. त्यामुळे शेवटच्या कार्यक्रमाला ती माइक घेते तेव्हा आपल्याला खरोखर माहीत नसतं की आज काय होईल. सत्य बोलणं म्हणजे आपोआप चांगला विनोद होत नाही, हे सिनेमानं आधीच सिद्ध करून ठेवलेलं असतं. माझ्या टेबलावर आलेल्या पटकथांमध्ये ही पायरी हमखास गाळलेली सापडते: नायिका शेवटी मनातलं बोलते आणि सगळे टाळ्या वाजवतात, पण ती आपटू शकते हे आधी कुठे दाखवलेलंच नसतं.

आता एक अगदी छोटी जागा. हॉटेलात बसलेले असताना लोण्याची थंड, घट्ट पुडी असते, आणि मॅक्स ती डॉनासाठी आपल्या हातात धरून उबवतो, म्हणजे लोणी मऊ होईल, पावाला नीट लागेल. एवढंच. पटकथेत ही अर्धी ओळ असेल. पण ही कृती किती कामं करते ते मोजा. मॅक्स काळजी घेणारा आहे हे कळतं, तेही त्यानं स्वतःबद्दल एक शब्द न बोलता. ही काळजी घेण्याची त्याची रीत कशी आहे तेही कळतं: गाजावाजा नाही, समोरच्याला लागेल ती गोष्ट तो आधीच तयार ठेवतो. आणि डॉनाची अडचण वाढते. तो उद्धट असता तर न सांगणं सोपं होतं. आता तो जितका चांगला वागेल तितकं तिला बोलणं जड जाणार. नायकाचा चांगुलपणाच अडथळ्याला वजन देतो, हे या सिनेमातलं मला सर्वांत आवडलेलं गणित आहे. वाईट प्रियकर, भांडखोर सासरा यांची गरजच उरत नाही.

तशीच दुसरी जागा: ती सांगायच्या तयारीनं त्याला भेटते आणि बोलता बोलता तो म्हातारपणाचा, आजोबा होण्याचा विषय काढतो, अगदी सहज, आनंदानं. त्याला काहीच कल्पना नाही. तिचं सांगणं तिथेच गिळलं जातं. पाहा, हा गैरसमज नाही. त्यानं खोटं काही म्हटलं नाही, तिनं चुकीचं काही ऐकलं नाही. दोघं आपापल्या जागी खरे आहेत आणि तरीही मध्ये भिंत उभी राहते. हा प्रसंग टेबलावर आला असता तर माझी सगळी मेहनत एकाच गोष्टीवर गेली असती: त्याच्या वाक्यानंतर तिच्या चेहऱ्यावर किती थांबायचं. क्षणभर कमी थांबलं तर कळत नाही, जरा जास्त थांबलं तर ते रडकं होतं. विनोदी सिनेमातलं दुःख असं मोजून घालावं लागतं.

आईचा प्रसंगही याच धाग्यात बसतो. आई प्राध्यापक, शिस्तीची, मुलीच्या धरसोडीवर नाराज. डॉना रात्री तिच्याकडे जाते आणि सांगते, तेव्हा आई आपल्या तरुणपणीचा गर्भपाताचा अनुभव सांगते. इतका काळ न सांगितलेला. मैत्रीण नेलीनंही आपला अनुभव आधी सांगितलेला असतो. म्हणजे डॉनाच्या आसपासच्या बायकांकडे ही गोष्ट आहे, फक्त ती बोलली गेलेली नाही. सिनेमा भाषण करत नाही, पण तीन बायकांच्या तीन सांगण्यांतून एक गोष्ट नीट पोचते: मौन फक्त डॉनाचं नाही.

इथवरचं एकत्र बांधते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. निर्णय घेण्याचा ताण सुरुवातीला संपवला, सांगण्याचा ताण सुरू केला. नायिका बोलण्यात पटाईत ठेवली, म्हणून तिचं न बोलणं जाणवतं. नायक भला ठेवला, म्हणून न बोलण्याला किंमत आली. आणि व्हॅलेंटाइन डेची तारीख लावून घड्याळ चालू केलं.

शेवटाबद्दल तुम्ही ‘एकदम साधा’ असं लिहिलंय. मला तो धाडसी वाटतो. आदल्या रात्री ती स्टेजवरून सांगते, मॅक्स प्रेक्षकांत असतो, तो निघून जातो. साच्याप्रमाणे इथून त्यांची ताटातूट, पश्चात्ताप आणि धावपळ यायला हवी. त्याऐवजी सकाळी तो फुलं घेऊन दारात येतो आणि तिच्याबरोबर क्लिनिकमध्ये जातो. रोमँटिक कॉमेडीच्या शेवटी नायक फुलं घेऊन येतो हा जुना संकेत आहे; तो इथे मोडलेला नाही, पाळलेला आहे, फक्त पुढची पायरी लग्नमंडपाची नसून रुग्णालयाची आहे. तुमच्या ‘ही रोमँटिक कॉमेडी कशी?’ या शंकेचं उत्तर मला इथे दिसतं. पहिली भेट, ओढ, लपवाछपवी, कबुली, फुलं, एकत्र येणं, सगळं आपापल्या क्रमानं आहे. त्यामुळेच विषय नवा असूनही प्रेक्षक हरवत नाही.

क्लिनिकमध्ये कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ राहतो. नंतर विश्रांतीच्या खोलीत ती इतर बायकांबरोबर बसलेली दिसते, कुणाची ओळख नाही, फक्त एकमेकींकडे पाहणं आहे. इथे विनोदही नाही आणि शोकही नाही. हा स्वर सांभाळणं अवघड आहे, कारण एक जास्तीचा विनोद निष्ठुर वाटला असता आणि व्हायोलिनचा एक जास्तीचा सूर शिक्षेसारखा. मग दोघं तिच्या घरी सोफ्यावर जुना सिनेमा लावून बसतात. पुढे त्यांचं जमेल की नाही, हे सिनेमा सांगत नाही.

उणिवा नाहीत असं नाही. डेव्हिड क्रॉसनं केलेल्या प्रौढ कॉमेडियनचा उपकथानकवजा भाग मला रेंगाळलेला वाटतो. डॉना चुकीच्या माणसाकडे वळू शकते हे दाखवायला त्याहून कमी पुरलं असतं. पहिला प्रियकर पात्र म्हणून उभाच राहत नाही. आणि मॅक्सला कळल्यापासून तो फुलं घेऊन येईपर्यंत त्याच्या मनात काय चाललं, हे आपल्याला दिसत नाही. ती रात्र त्यानं कशी काढली? सिनेमा डॉनाचा आहे म्हणून हे चालून जातं, पण मॅक्सच्या भूमिकेत जेक लेसीसारखा नट हाताशी असताना एक प्रसंग त्याला द्यायला हवा होता, असं मला दर वेळी वाटतं.

स्वतंत्र निर्मितीचा मुद्दा तुम्ही विचारला होता, त्याबद्दल थोडक्यात. पैसा कमी होता, चित्रीकरणानंतरच्या कामासाठी किकस्टार्टरवरून लोकांकडून निधी उभा केला गेला. कमी पैशामुळे सिनेमा आपोआप धीट होत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. कमी पैशांतले कितीतरी सिनेमे महागड्या सिनेमांचीच गरीब नक्कल असतात. फायदा एवढाच की ‘शेवटी तिनं मन बदललं तर जास्त लोक येतील’ असं म्हणणारी माणसं खोलीत कमी असतात. त्या मोकळिकीचा उपयोग करायचा की नाही हे दिग्दर्शकाच्या हातात. इथे तो केलाय आणि ठिकाणंही त्याच हिशेबानं निवडली आहेत: बार, दुकान, आईचं घर, क्लिनिक. दोन माणसं बोलू शकतील किंवा बोलणं टाळू शकतील अशा खोल्या. गोष्टीला याहून जास्त लागतच नव्हतं.

आता तुमची पटकथा. तुम्ही दिलेल्या सारांशावरून तुमची नायिका दुभाषी आहे, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवते, आणि नायक तिच्याच इमारतीत राहायला येतो. ‘अडथळा नाही’ म्हणून तुम्ही मसुद्यात तिची परदेशातली नोकरी आणलीत. मी ती नोकरी आधी काढून पाहीन. दुसऱ्याचं वाक्य अचूक पोचवणारी बाई स्वतःचं वाक्य कुठे अडवते, हे तुमच्याकडे आधीपासून आहे आणि तुम्ही ते वापरलेलं नाही. तिच्या कामाचे निदान दोन प्रसंग असे लिहा की एकात ती अतिशय कुशल आहे आणि दुसऱ्यात तिची स्वतःची भावना मध्ये येऊन काम बिघडतं. त्यानंतरच तिला नायकासमोर बसवा. नायकाला सध्या तुम्ही विसराळू आणि थोडा आत्ममग्न केलाय, म्हणजे तिनं गप्प राहायला वाचकाला आयतं कारण मिळतं. तो दोष काढून टाका, त्याला तिच्यासाठी एखादी लहानशी, नेमकी गोष्ट करू द्या, आणि मग बघा तिला बोलणं किती कठीण होतं ते.

हे सगळं करूनही वाचणारे ‘अडथळा नाही’ म्हणाले, तर त्यांना एकच विचारा: कुठल्या पानावर तुम्हाला पुढचं जाणून घ्यायची इच्छा संपली? ते पान सांगतील. दुरुस्ती बहुधा त्याच्या पाच-सहा पानं आधी असते.